साक्कींचे पंचवीस मीटर: आपल्या मैदानावर कसे बसवायचे

इटलीचे नामवंत फुटबॉल प्रशिक्षक अरिगो साक्की स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत. 1946 साली फुसिन्यानो या गावात जन्म, वडिलांच्या बुटांच्या कारखान्याच्या मालाची विक्री, आणि जोडीला हौशी व युवा संघांचं प्रशिक्षण. 1985 मध्ये तिसऱ्या श्रेणीतला पार्मा क्लब हाती घेतला, वर्षभरात दुसऱ्या श्रेणीत नेला. मग कोपा इटालिया या इटलीच्या चषक स्पर्धेत याच पार्मानं मिलानला हरवलं आणि 1987 मध्ये मिलानचे मालक बर्लुस्कोनींनी त्यांना मिलानलाच बोलावून घेतलं. पहिल्याच मोसमात लीग जिंकली, 30 सामन्यांत फक्त 14 गोल खाऊन. पाठोपाठ 1989 आणि 1990 चे युरोपियन कप. बारेसी, माल्दिनी, गुलिट, व्हान बास्टेन असे खेळाडू हाताशी होते हे खरं, पण त्या सगळ्यांना बांधणारी गोष्ट एकच होती: शेवटचा बॅक आणि सर्वात पुढचा स्ट्रायकर यांच्यात साधारण 25 मीटरच अंतर. ही शिस्त बेळगावच्या कॅम्प-टिळकवाडीतल्या संघाला बसवता येते, तशी खानापूर-निपाणीकडच्या संघालाही. त्यासाठी महागडं सामान लागत नाही, वेळ मात्र लागतो.

म्हणून आधी वेळेचा हिशेब. आठवड्याला तीन संध्याकाळी, दर वेळी सव्वा तास, असे किमान सहा आठवडे धरा. स्पर्धेच्या आठ दिवस आधी गोळा होणाऱ्या संघानं हे करू नये. अर्धवट बसलेली वर चढणारी बचावफळी ही खाली बसून राहणाऱ्या साध्या बचावापेक्षा जास्त गोल खाते. खुद्द साक्कींनाही इटलीच्या राष्ट्रीय संघात हीच अडचण आली. क्लबमध्ये रोजचा सराव मिळायचा, राष्ट्रीय संघात खेळाडू मोजके दिवस हाती यायचे. 1994 च्या विश्वचषकात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि ब्राझीलकडून पेनल्टींवर हरला, पण मिलानसारखी घट्ट रचना तिथे फारशी दिसली नाही.

सामान: चौदा ते सोळा मुलं, दहा कोन (नसतील तर अर्ध्या विटा), फक्की, शिट्टी आणि 24 मीटर नायलॉनची दोरी. दोरीला दर 8 मीटरवर गाठ मारा, म्हणजे दोन टोकं धरून चार जागा होतात.

पहिले दोन आठवडे चेंडूला पाय लावायचा नाही. मुलं कुरकुरतील, मिलानच्या खेळाडूंनाही हे आधी विचित्रच वाटलं होतं. मैदानावर सहा जागी फक्कीनं एक ते सहा आकडे घाला: दोन डाव्या कडेला, दोन मध्ये, दोन उजव्या कडेला. अकरा जण 4-4-2 मध्ये उभे करा: कीपरपुढे चार बॅक, चार हाफ, दोन स्ट्रायकर. तुम्ही चेंडू हातात धरून एखाद्या आकड्यावर जा. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तिथे आहे असं समजून अख्ख्या संघानं सरकायचं. शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थांबतील. मग शेवटच्या बॅकपासून स्ट्रायकरपर्यंत लांब ढांगा टाकत मोजा. 75-80 सेंटिमीटरची एक ढांग धरली तर 32-33 ढांगांत 25 मीटर होतात. चाळीस ढांगा भरल्या तर संघ फाटला. बॅक आणि हाफ यांच्यात 10-12 मीटर, हाफ आणि स्ट्रायकर यांच्यातही तेवढेच. वीस मिनिटं हे चालतच करायचं. पळायला दिलं की मुलं अंदाजानं धावतात आणि अंतर डोळ्यात बसत नाही.

दोरी चार बॅकसाठी. प्रत्येकानं आपली जागा हातात धरायची, कमरेला मुळीच बांधायची नाही. एक पडला तर चौघेही पडतील. दोरी हातात असताना फक्त चालायचं. दोरी ताणली की कोण मागे राहिलं ते लगेच कळतं, सैल पडली की दोघे एकमेकांना चिकटले. मैदान 60 मीटर रुंद असेल तर 24 मीटरच झाकले जातात आणि लांबची कड मोकळी राहते. ती मोकळीच सोडायची. इथे लांबचा साईड बॅक हमखास चुकतो: कडेचा विंगर मोकळा दिसतो म्हणून तो त्याच्याकडे ओढला जातो आणि मध्ये दार उघडतं. त्याला समजवा की तिकडे जाणारा उंच चेंडू हवेत दोन-तीन सेकंद असतो, तेवढ्यात अख्खी फळी सरकते.

उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शिफ्टमुळे दोन-तीन जण उशिरा येणारच. त्यांच्या जागी कोन ठेवा, पण कोन सरकवायचं काम शेजारच्या खेळाडूला द्या. त्यामुळे त्याचंही लक्ष शेजाऱ्याच्या जागेवर राहतं. साक्की खेळाडूला चार खुणा पाहायला सांगत: चेंडू, जागा, प्रतिस्पर्धी आणि आपला साथीदार. आपल्याकडची मुलं चेंडू आणि प्रतिस्पर्धी पाहतातच, साथीदाराकडे बघायची सवय लावावी लागते.

तिसऱ्या आठवड्यापासून वर कधी चढायचं आणि मागे कधी यायचं हे शिकवा. सगळ्या पद्धतीतला सर्वात मोलाचा भाग हाच, त्याला घाई करू नका. चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याची मान खाली आहे, पाठ आपल्या गोलकडे आहे, किंवा त्यानं चेंडू मागे दिला, तर फळी वर. त्याची मान वर आहे, अंगावर कोणी नाही आणि पाय मोकळा आहे, तर लगेच मागे. मागे येताना पाठ फिरवायची नाही आणि उलटं पळायचंही नाही. अंग आडवं ठेवून, चेंडूवर नजर ठेवत तिरकं यायचं. हाक एकाचीच, स्टॉपरची, म्हणजे मधल्या बॅकची. बहुतेक संघांत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी मुलं एकत्र असतात, म्हणून दोनच शब्द ठरवा, ‘अप’ आणि ‘ड्रॉप’, आणि मोसमभर बदलू नका.

बॅकच्या डोक्यावरून चेंडू गेला की गावभर बॅकलाच बोल लावले जातात. दहातल्या आठ वेळा दोष पुढच्यांचा असतो. स्ट्रायकर चेंडूवर गेला नाही, समोरच्याला बघून मारायला वेळ मिळाला, आणि वर चढलेली फळी उघडी पडली. म्हणून जवळचा एक थेट चेंडूवर, दुसरा त्याच्या मागे 5-6 मीटरवर तिरका, हे स्ट्रायकरांकडून रोज दहा मिनिटं करून घ्या. स्ट्रायकर दमले असतील तर त्या दिवशी फळी वर नेऊच नका.

मग साक्कींचा प्रसिद्ध सराव. गोलकीपर आणि चार बॅक एका बाजूला, दहा हल्लेखोर दुसऱ्या बाजूला, पंधरा मिनिटं. चेंडू गेला की हल्लेखोरांनी स्वतःच्या हाफमध्ये 10 मीटर आत जाऊन नव्यानं सुरुवात करायची. तुम्ही पाचविरुद्ध सहानं सुरू करा. पंधरा मिनिटांत दोनपेक्षा जास्त गोल होत असतील तर सातवा हल्लेखोर घालू नका. मागच्यांना चेंडू काढून घ्यायचा नसतो, कडेला ढकलून उशीर करायचा असतो. टॅकलसाठी झेपावणारा बॅक या सरावात लगेच उघडा पडतो आणि चार दिवसांत सुधारतो.

आता ऑफसाइड. मिलानचे हात वर करून उभे राहिलेले बॅक सगळ्यांना आठवतात, पण त्यांची नक्कल करू नका. 1990 पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑनसाइड धरला जातो. खेळात भाग न घेणाऱ्या खेळाडूमुळे झेंडा वर जात नाही. आणि आपल्या स्पर्धांत लाइनमन कधी दोन्ही संघांनी दिलेले असतात, कधी नसतातच. निष्पक्ष लाइनमन नसेल तर फळी एकदम वर नेऊन हल्लेखोराला ऑफसाइडमध्ये पकडायचा सापळा लावायचा नाही, फक्त 25 मीटर सांभाळायचे. हात वर करून थांबणाऱ्या बॅकला सरावात तिथेच अडवा. शिट्टी होईपर्यंत धावत राहायचं. सात जणांच्या स्पर्धेत ऑफसाइड नसेल तर फळी आपल्या हाफच्या मध्यावर ठेवा. मैदान लहान असतं, अंतर 18-20 मीटरवर आणता येतं.

गोलकीपर विसरला की सगळं फसतं. चेंडू समोरच्यांच्या हाफमध्ये असताना त्यानं डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) रेषेवर, गोलपासून 15-16 मीटरवर उभं राहायचं. मार्च-एप्रिलमध्ये लाल मातीचं मैदान दगडासारखं होतं. फळीच्या मागे टाकलेला चेंडू टप्पा घेऊन उंच उडतो आणि बहुधा कीपरकडेच येतो. त्यानं पुढे येऊन छातीवर घ्यायला शिकलं पाहिजे. जूननंतर उलट. चिखलात चेंडू अडकतो, बॅकचा पाय घसरतो, म्हणून फळी पाच-सात मीटर मागे घ्या. पश्चिमेकडून वारा जोरात असेल आणि तो समोरच्या संघाच्या पाठीवर असेल तरीही तेवढंच मागे. नाणेफेक जिंकलात तर आधी वाऱ्याची दिशा बघा.

या पद्धतीत माणसं कशी बसवायची याबद्दल साक्कींचेच शिष्य कार्लो अँचेलोटी यांच्याकडे बघावं. ते साक्कींच्या मिलानमध्ये हाफ होते, 1994 ला इटलीच्या संघात त्यांचे सहाय्यकही होते. पार्माचे प्रशिक्षक असताना 4-4-2 मोडायला नको म्हणून त्यांनी स्ट्रायकरच्या मागे खेळणाऱ्या रॉबर्टो बाजिओला घेतलं नाही. पुढे युव्हेंटसमध्ये झिदानसाठी त्यांनी रचनाच बदलली, आणि प्रशिक्षक म्हणून पाच चॅम्पियन्स लीग जिंकल्या. तुमच्याकडे असा एखादा मुलगा असेल, चेंडूवर विलक्षण पण मागे धावायला आळशी, तर त्याला कडेला घालून झिजवू नका. 4-4-2 चं 4-4-1-1 करा, त्याला स्ट्रायकरच्या मागे सोडा आणि चेंडू गेला की हाफच्या पुढे आठ मीटरच्या आत उभं राहायचं एवढंच काम द्या.

सामन्याच्या दिवशी एका राखीव खेळाडूला बाहेरून मोजायला बसवा. दर पाच मिनिटांनी स्टॉपर ते स्ट्रायकर अंतर डोळ्यानं अंदाजून वहीत लिहायचं: 25, 30 की 40. दुसऱ्या हाफच्या शेवटच्या वीस मिनिटांत आकडा वाढायला लागतो, कारण दमलेले स्ट्रायकर पुढे थांबतात आणि घाबरलेले बॅक डीमध्ये शिरतात. तो 35 च्या वर गेला की आधी स्ट्रायकर बदला, बॅक नव्हे.