लांब राईडमध्ये बोटं बधिर व्हायची, त्यावरचा उपाय

२०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे वेळेची चिंता नव्हती. त्रास होता हातांचा. जळगावहून धुळ्याकडे निघालं की पारोळ्याच्या पुढे करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, गिअर बदलणंही अवघड. हीच दोन बोटं म्हणजे तळहाताच्या कडेची अल्नर नर्व्ह दबतेय. जेलच्या जाड ग्लोव्हजनी काही फरक पडला नाही. मूळ निघालं सीटमध्ये: पुढचं टोक खाली झुकलेलं, म्हणून सगळा भार हातांवर यायचा. स्पिरिट लेव्हल ठेवून सीट सपाट केली, टायरची हवा थोडी कमी केली. हँडलवरची पकडही आता सारखी बदलत राहतो. बधिरपणा गेला! एवढ्याशा कोनाने इतका फरक पडेल असं खरंच वाटलं नव्हतं.