पावसाळ्यातही उघडेल असा चाकू

माझ्या पर्समध्ये हात घातलात तर कंगवा सापडेलच असं नाही, चाकू मात्र सापडेल. दापोलीजवळ आमची कलमांची नर्सरी आहे. गेली सत्तावीस वर्षं घडीचा चाकू जवळ नाही असा दिवस क्वचित गेलाय. जवळ बाळगता बाळगता घरात अकरा चाकू जमले. नर्सरीत येणारी कॉलेजची मुलं विचारतात, "काकू, आम्ही पहिला कुठला घेऊ?" दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून आता लिहूनच टाकते.

पहिला चाकू घ्यायच्या आधी आठवडाभर नुसतं बघा, दिवसात कापायची वेळ कुठे कुठे येते. माझ्या आठवड्यात येतात त्या सुतळी, खताच्या पोत्याची शिवण, कलमाला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, पेरू, कुरिअरचं खोकं आणि कुणीतरी मागितलेली गुलाबाची काडी. यातल्या एकाही कामाला साडेतीन इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. फांदी तोडायची असेल तर गड्याच्या कंबरेला आकडीत कोयती आहेच. खिशातल्या चाकूला कोयतीचं काम सांगितलं की आधी पातं हलायला लागतं, मग बोट कापतं.

माझा रोजचा चाकू फ्रेंच आहे, ओपिनेल, ८ नंबर. भाचा ग्रेनोबलला शिकत होता, त्याने आणला. फ्रान्सच्या आल्प्समधल्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये हा चाकू केला. शेतकऱ्याच्या खिशात राहावा आणि परवडावा असा. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी. कडी फिरवली की पातं उघडं राहतं, बोटावर मिटत नाही. ही कडी १९५५ मध्ये आली. त्याआधीचा चाकू नुसत्या लाकडाच्या पकडीवर चालायचा.

आता कोकणातली गंमत ऐका. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बीचचं लाकूड पाणी पितं. पहिल्याच जुलैत रेनकोटच्या खिशात चाकू चार दिवस विसरले. बाहेर काढला तर मूठ फुगलेली, पातं आत रुतलेलं, नखाने ओढून नख तुटलं. शेवटी पक्कड लावून उघडलं, तर पात्यावर तांबेऱ्यासारखे ठिपके. भाच्याला फोन केला तर तो हसायला लागला. म्हणाला, "मावशी, तिकडचे म्हातारे मुठीचा खालचा टोकाचा भाग टेबलावर आपटतात. त्या धक्क्याने पात्याचं बूड वर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं." ही युक्ती खरोखर चालते. पण त्याहून बरा उपाय पावसाळ्याआधी करायचा. मे महिन्यात चाकू उन्हात चांगला वाळवा, मुठीच्या खाचेत आतून जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवा, आणि तरीही खाच घट्ट वाटली तर बारीक पॉलिशपेपरची घडी आत सारून किंचित घासा. किंचितच. एकदा सैल झाली की परत घट्ट होत नाही.

पातं कार्बन पोलादाचं घ्यावं की स्टेनलेस, यावर लोक तासन्‌तास बोलतात. कार्बनच्या पात्याला धार पटकन लागते आणि घासायला सोपं. पण कैरी कापलीत तर फोडी काळपट पडतात आणि लोखंडाची चव लागते. महिनाभर वापरल्यावर पात्यावर निळसर करडा थर चढतो. तो काढू नका, तोच पुढे गंज थोपवतो. तांबूस दिसला तर मात्र गंजच, लगेच पुसायचा. कोकणात राहत असाल आणि रोज पुसायचा कंटाळा असेल, तर सरळ स्टेनलेस घ्या. मी दोन्ही ठेवते. दिवाळीनंतर कार्बन, मिरग लागला की स्टेनलेस.

दुसरा चाकू माझ्या पोटापाण्याचा. कलम चाकूचं पातं सरळ धारेचं आणि एकाच अंगाने घासलेलं असतं, दुसरं अंग अगदी सपाट. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही आंब्याची कोय कलमं करतो. कोयीतून आलेल्या, पानं अजून तांबूस असलेल्या रोपाला वरून उभी चीर द्यायची आणि तिच्यात बसवायच्या, हव्या त्या जातीच्या झाडाच्या काडीला दोन्हीकडून पाचरीसारखा काप. काप एका ओढीत सपाट आला तरच सालीखालचा जिवंत थर दोन्हीकडचा जुळतो. मी डावखुरी. वडिलांचा चाकू उजव्या हाताचा, तो डाव्या हातात धरला की पातं काडीत घुसायचं आणि काप खोलगट व्हायचा. पहिली दोन वर्षं माझी कलमं जास्त मरायची आणि वडील माझ्या हाताला दोष द्यायचे. खेडच्या एका लोहाराने पातं उलट अंगाने घासून दिलं, तेव्हा कुठे घरात शांतता झाली. डावखुऱ्यांनी कलम चाकू घेताना हे आधी विचारावं. दुकानदार आपणहून सांगत नाही. आणि हा चाकू फक्त काडीसाठी. त्याने सुतळीसुद्धा कापायची नाही. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.

स्विस चाकू सगळ्यांना माहीत असतो, त्यावर जास्त लिहीत नाही. पर्ससाठी उत्तम, कारण बस स्टँडवर तो काढला तरी कुणी दचकत नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्यातल्या नेहमीच्या लहान चाकूंना खटका नसतो, पातं नुसतं मागच्या पोलादी पट्टीच्या दाबावर उभं असतं. अशा चाकूने टोचायचं नाही, भोक पाडायचं नाही. मी नारळाच्या डोळ्यात खुपसायला गेले होते, पातं मिटलं. तर्जनीवर तीन टाके पडले. मिटतानाही बोटं धारेच्या वाटेत नकोत, पात्याची पाठ तळहाताने ढकलायची.

जुने चाकू जमवायचे तर पुण्याचा जुना बाजार बरा, बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे चाकू हातात आला की आधी मिटवून बघा. मिटल्यावर टोक बाहेर डोकावत असेल, तर पातं घासून घासून संपलेलं आहे. मग उघडून उजेडासमोर धरा. पातं आणि पाठीची पट्टी यांच्यात फट दिसता कामा नये. टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. शेवटी कान लावून उघड-मीट करा. चांगल्या पट्टीचा चाकू शेवटाला टक् करतो, सैल झालेला नुसताच पडतो. मग पात्याच्या बुडाशी छाप वाचा. स्विस चाकूवर नुसतं 'व्हिक्टोरिया' दिसलं तर तो बहुधा १९०९ नंतरचा. संस्थापकाने आईचं नाव दिलं होतं. १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आलं, त्याला म्हणायचे 'इनॉक्स', आणि दोन्ही जोडून कंपनीचं आजचं नाव झालं, 'व्हिक्टोरिनॉक्स'. 'सोलिंगेन' या जर्मनीतल्या चाकूंच्या शहराचा छापही बघण्यासारखा, कारण १९३८ पासून जर्मनीत कायद्याने त्या नावाला संरक्षण आहे. उलट फ्रान्सच्या 'लायोल' गावाचं नाव वर्षानुवर्षं कुणीही चाकूवर मारत आलंय. पाठीवर माशी कोरलेला लायोल तीनशे रुपयांत मिळाला म्हणून मी नाचले होते, घरी आणून पेरू कापला तर मूठ हातात आली.

माझ्या अकरांत एक रामपुरी आहे, चुलत्यांचा. तो मी बाळगत नाही. खटक्याचा तो आवाज झाला की आजूबाजूचे लोक मागे सरकतात, सिनेमाने त्याला तसं करून ठेवलंय. रामपूरकरांना त्याचा अभिमान आहे, २०२३ मध्ये तिथल्या चौकात वीसेक फुटांचा चाकू उभारला. माझा मात्र तेल लावून पेटीत.

पेटीचंही सांगते. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून देऊ नका, दमट हवेत चामड्याला बुरी येते आणि पितळेवर हिरवा थर चढतो. सुती कापडात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पात्यावर रोजच्या वापरात खोबरेल चालतं. फणस चिरायचा तर आधी लावावंच लागतं, आणि चीकही तेलानेच निघतो. पण सांध्यात खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं.

धारेसाठी दोन अंगांचा कुरुंदाचा दगड पुरतो. पात्याची पाठ दगडापासून एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी वर उचला आणि तोच कोन ठेवून, दगडाचा पातळ पापुद्रा काढताय असं समजून पुढे ढकला. दुसऱ्या अंगाला बोटाखाली सगळीकडे बारीक खरखर लागली की बाजू बदला. खरखर मध्येच तुटली असेल तर तिथे घासणं कमी पडलंय. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा. कलम चाकूला कोन एकाच अंगाला. सपाट अंग दगडावर आडवं टेकवून एकदा फिरवायचं, बस्स.

बाळगण्याचा कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात धरतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या बराच आत असतो. म्हणून तो कुठेही चालतो असं समजू नका. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघतात (आमच्या कलमांशी याचा संबंध नाही), आणि त्या कलमात चाकूचं नाव स्पष्ट आहे. आदेश असला की चाकू घरी. कोर्टात जायचं तरी घरी.

आणि विमान. दिल्लीच्या कृषी प्रदर्शनाला जाताना पर्सच्या आतल्या कप्प्यात माझा उलट घासलेला कलम चाकू तसाच राहिला. तपासणीतल्या पोरीने तो उघडून बघितला, "मॅडम, इसकी धार तो उलटी है," म्हणाली आणि ट्रेमध्ये टाकला. सामान आधीच गेलेलं, परत फिरायला वेळ नव्हता. तेव्हापासून प्रवासाच्या आदल्या रात्री पर्स पलंगावर पूर्ण उलटी करते, चाकू मोठ्या बॅगेत तळाशी टाकते आणि मगच झोपते. खेडचा तो लोहार आता नाही. त्याच्या मुलाकडून दुसरा घासून घेतलाय, पण त्याला अजून हात बसलेला नाही.