आजोबांच्या डब्यातली नाणी सांभाळताना

नाणी घासायला चिंच-मीठ अजिबात नको. तांब्याची शिवराई (शिवकाळापासूनचं मराठी नाणं) लखलखते खरी, पण वरचा जुना थर जातो आणि झिजलेली अक्षरं आणखी पुसट होतात. धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून सुती कापडाने टिपा, चोळू नका. नाणं कडेनेच धरा.

मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं कालांतराने चिकट होऊन नाण्यावर हिरवट थर आणतात. अॅसिड-फ्री कागदी पाकीट घ्या. कुणाचं, कुणाकडून आलं, हे पेन्सिलीने आधी लिहा, मग नाणं घाला. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच.

लक्ष्मीपूजनाच्या पंचामृताला दुसरं नाणं ठेवा. कडेला अडकलेलं जुनं कुंकू मात्र राहू द्या, तीच तर घरची खूण!

लक्ष्मी रोडवर सराफ वजनाचाच भाव सांगेल. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच.