ठिपक्यांनी बंदर रंगवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आधी सांगते. पाणी हिरवं हवं म्हणून निळे आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी मारत सुटायचं, लांबून हिरवं दिसेल या भरवशावर. नाही दिसत हो! पॅलेटवर निळा-पिवळा घोटला की हिरवा होतो, पण ठिपके डोळ्यात मिसळतात तेव्हा दोघांची सरासरी होते आणि ती राखाडीकडे जाते. मी तीन आठवडे बसून धक्क्यालगतचं सगळं पाणी असंच भरलं होतं, जवळून बघताना जीव हरखून जायचा, आणि शेवटी भिंतीला टेकवून मागे सरकले तर पाणी अगदी सिमेंटसारखं, बोटी त्यात रुतून बसलेल्या. सगळं पाणी परत केलं. आता आधी हिरवाच ठिपका, मग मधे मधे निळा, आणि ऊन पडतं तिथे थोडा नारिंगी.

दुसरं म्हणजे अंतर. २ मिमीचे ठिपके पूर्ण मिसळून दिसायला साधारण ७ मीटर लांब जावं लागतं, फूटभर कॅनव्हास एवढ्या लांबून कोण बघणार? म्हणून एका भागातले ठिपके रंगाने वेगळे पण गडद-फिकेपणाला जवळपास सारखे ठेवा, नाहीतर पाण्यावर नुसती पुरळ उठल्यासारखी दिसते. ठिपक्यांनीच रंगवणाऱ्या पॉल सिन्याक या फ्रेंच चित्रकाराने पुढे फ्रान्समधल्या सेंट ट्रोपेचं बंदर रंगवताना ठिपके सोडून मोझॅइकसारखे मोठे फटकारे घेतले, तरी पाणी झगमगतंच. मी दर वीसेक ठिपक्यांनी उठून मागे जाते, कंटाळा आला तरी.

कानातल्या काड्यांनी भराभर ठिपके उमटवणं मला अजिबात पटत नाही, सगळे एकाच मापाचे येतात आणि आकाश, पाणी, दगडी धक्का सगळं एकाच कापडाचं वाटतं. पाण्यातले ठिपके जरा आडवे ओढा. ओल्या रंगावर दुसरा रंग टेकवला की चिखल होणार, तेवढा धीर नसेल तर हा प्रकार घेऊच नका.

डोलकाठ्या काळ्याने काढू नका, गडद निळा-जांभळा घ्या. पांढऱ्या बोटीचं प्रतिबिंब बोटीपेक्षा किंचित गडद, काळ्या बोटीचं किंचित फिकं. आणि पिवळा रंग घेताना ट्यूबवर टिकाऊपणा वाचा, ठिपक्यांनी रंगवणाऱ्या जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ग्रांद जात’ या चित्रातला झिंक यलो (जस्तापासूनचा पिवळा) काही वर्षांतच तपकिरी पडला होता.