सीआरएनएचा पगार राज्य बघून ठरवताय? या चुका टाळा

"मामा, दोन ऑफर हातात आहेत. कॅलिफोर्नियावाले चाळीस हजार जास्त देतायत, पण टेक्सासला टॅक्स नाही म्हणे. कुठली घेऊ?"

"कॉल किती आहे?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "ते बघावं लागेल." कॉल म्हणजे पाळी संपल्यावर, रात्री किंवा सुट्टीलाही, बोलावणं आलं की हजर व्हायची बांधिलकी.

भाची सीआरएनएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीआरएनए म्हणजे भूल देणारी नर्स. आपल्याकडे भूलतज्ज्ञ डॉक्टर जे काम करतात, त्यातलं बरंचसं अमेरिकेत या नर्सेस करतात. त्यासाठी आधी आयसीयूचा अनुभव लागतो आणि वर तीन वर्षांची डॉक्टरेट. माझी बायको अकरा वर्षं हेच करतेय. भूल ती देते, हिशेब माझ्याकडे. आधी नेब्रास्कातलं एक छोटं गाव, आता न्यू जर्सी. त्यामुळे ओळखीतल्या मराठी आणि मल्याळी नर्सेसचे असे फोन मला येत असतात, आणि जवळपास प्रत्येकीची गाडी "कुठल्या राज्यात जास्त मिळतं?" याच प्रश्नावर अडलेली असते.

सरासरीचा तक्ता म्हणजे ऑफर लेटर नव्हे

अमेरिकी कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचा, म्हणजे सीआरएनएचा, मध्यक पगार २,२३,२१० डॉलर होता. म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी. हा आकडा खरा आहे, फक्त त्यात काय धरलेलं नाही ते बघा. ओव्हरटाइम धरत नाहीत. रात्रपाळीचा जादा दर धरत नाहीत. स्वतःचा धंदा म्हणून कंत्राटावर भूल देणारे तर मोजतच नाहीत, आणि या पेशात जास्त कमावणाऱ्यांत तेच बरेच असतात.

आणखी एक गंमत आहे. या तक्त्यात वरचा आकडा छाटलेला असतो. मे २०२३ च्या तक्त्यात ताशी ११५ किंवा वर्षाला २,३९,२०० डॉलर ही मर्यादा होती. त्याच्या वर गेलं की आकड्याच्या जागी नुसती खूण. म्हणून "या राज्यात वरच्या दहा टक्क्यांना किती मिळतं" हे तिथे शोधायला गेलात तर हाती खूणच लागते. शिवाय हे आकडे तीन वर्षांच्या पाहण्या एकत्र करून काढतात, आणि छोट्या राज्यात सीआरएनएच मोजके असतात. एखादं राज्य यंदा पाच पायऱ्या वर चढलं म्हणजे तिथे पगार वाढले असं समजू नका.

"तिथे टॅक्स नाही" एवढ्यावर निर्णय

भाचीच्या दोन ऑफर घेऊन बसू. टेक्सास २ लाख १० हजार, कॅलिफोर्निया अडीच लाख. मुलगी अविवाहित. आकडे २०२५ च्या करदरांचे आणि ढोबळ आहेत.

वरच्या चाळीस हजारांवर केंद्राचा आयकर आणि मेडिकेअर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची) कपात मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास जातात. कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर पूर्ण अडीच लाखांवर लागतो, तो साधारण १९ हजार. राज्याच्या अपंगत्व विम्याची कपात आणखी ३ हजार. चाळीसातून हे वजा केलं की चार-साडेचार हजार उरतात. तिच्या हिशेबाने भाड्यात महिन्याला बाराशेचा फरक, वर्षाचे १४,४००. म्हणजे टेक्सास वर्षाला दहा हजारांनी पुढे.

"मग टेक्सासच ना?" ती म्हणाली. बहुतेकजण इथेच कागद मिटतात.

तोवर तिने कॉलचं बघून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियात आठवड्याला चाळीस तास, कॉल नाही, सहा आठवडे रजा. १,८४० तास झाले. टेक्सासला पाच आठवडे रजा आणि कॉल धरून आठवड्याला सरासरी अठ्ठेचाळीस तास. २,२५६ तास. फरक ४१६ तासांचा, म्हणजे चाळीस तासांचे दहा आठवडे. दहा हजार भागिले ४१६ केले की ताशी चोवीस डॉलर. रात्री उठून जायचा, शनिवार-रविवार मोडायचा भाव हातात चोवीस डॉलर! आयसीयूत असताना ती याहून जास्त घरी नेत होती.

मी टेक्सासला नाही म्हणत नाहीये. हाच कॉल त्यांनी वेगळ्या दराने मोजला असता तर गणित उलटलं असतं. पण दोन्हींचे तास एका रकान्यात लिहिल्याशिवाय पगाराची तुलनाच होत नाही.

टॅक्सबाबत आणखी दोन ठिकाणी लोक फसतात. एक, टेक्सासला आयकर नसला तरी घरपट्टी दणदणीत असते. चार लाखांच्या घरावर वर्षाला सहा-सात हजार डॉलर सहज जातात. भाड्याने राहणाऱ्याला ते दिसत नाही, घर घेतल्यावर दिसतं. दोन, कर तुम्ही राहता कुठे एवढ्यावर ठरत नाही, काम कुठे करता यावरही ठरतो. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला राहून पूल ओलांडून पोर्टलंडला कामाला गेलात की त्या पगारावर ऑरेगन कर घेतोच. आमच्या एडिसनकडून मॅनहॅटनला जाणाऱ्यांना न्यू यॉर्क राज्याचा कर भरावा लागतो, त्याची सूट न्यू जर्सीत मिळते. पण न्यू यॉर्क शहराचा जो वेगळा आयकर आहे तो फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो. रोज ट्रेनचे धक्के खाण्यामागे एवढं एक समाधान.

महागाईच्या निर्देशांकाने अख्खा पगार भागणं

ही चूक हुशार माणसं करतात. अमेरिकी सरकार राज्यवार किमतींचा निर्देशांक काढतं, देशाची सरासरी १०० धरून. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया साधारण ११२-११३, मिसिसिपी आणि आर्कान्सा ८७ च्या आसपास. मग अडीच लाख भागिले १.१२ आणि दोन लाख भागिले ०.८७ केलं की मिसिसिपी जिंकतं. एक्सेलचा तक्ता सुरेख दिसतो, उत्तर चुकतं.

कारण तुमचा सगळा पगार त्या गावात खर्च होत नाही. सीआरएनएच्या शिक्षणाचं कर्ज लाख-दीड लाख असलं तर त्याचा हप्ता मिसिसिपीतल्या जॅक्सनला तेवढाच आणि सॅन होजेला तेवढाच. शिक्षणाच्या तीन वर्षांत नोकरी जवळपास करताच येत नाही, त्यामुळे ही रक्कम लहान नसते. निवृत्तीच्या खात्यात टाकायचे पैसे सगळीकडे तेच. गाडीची किंमत जवळपास तीच. घरी आईला पाठवायचे पैसे तेच. भारताचं तिकीट तर छोट्या गावातून महागच पडतं, कारण आधी मोठ्या विमानतळापर्यंत पोचायला एक फ्लाइट लागते. महागाईचा फरक पडतो तो मुख्यतः घरात आणि पाळणाघरात, थोडा जेवणखाणात.

म्हणून मी दोन ढीग करतो. एका ढिगात गावाप्रमाणे बदलणारे खर्च, दुसऱ्यात न बदलणारे. निर्देशांक लावायचा तो पहिल्याच ढिगाला, आणि तोही राज्याचा नाही, त्या शहराचा. फ्रेस्नो आणि सॅन फ्रान्सिस्को एकाच राज्यात आहेत, एवढंच त्यांचं नातं. जो माणूस पगारातले बरेच पैसे बाजूला टाकणार आहे त्याला महाग शहरातला मोठा पगार पुष्कळदा परवडतो. मुलं दोन आणि दोघंही पाळणाघरात, तर परवडत नाही.

आणि डॉलरला रुपयाने गुणणं तेवढं सोडा. गावाकडच्या काकांना सांगायला तो आकडा छान आहे. घरभाडं डॉलरमध्येच भरायचं असतं.

खेडं म्हणजे कमी पगार, असं धरणं

भारतातून आलेल्यांना ही समजूत सोडवत नाही. भुलेच्या कामात ती सरसकट खरी नाही. छोट्या गावात डॉक्टर भूलतज्ज्ञ येऊन राहायला तयार नसतात, आणि सर्जरी व बाळंतपणं थांबत नाहीत. मग सीआरएनए एकटीच सगळं सांभाळते. त्यात मेडिकेअरची एक जुनी सवलत आहे. ज्या ग्रामीण रुग्णालयात वर्षाला भुलेच्या शस्त्रक्रिया ८०० च्या वर जात नाहीत आणि सीआरएनए एका पूर्णवेळ माणसाएवढीच आहे, तिथे मेडिकेअर आपल्या वाट्याचा तिच्या कामाचा वाजवी खर्च भरून देतं, नेहमीचा ठरलेला दर लावत नाही. मेडिकेअरचा नेहमीचा दर खासगी विम्याच्या मानाने फारच कमी असतो. वयस्कर वस्तीच्या गावातलं पंचवीस खाटांचं रुग्णालय शहरापेक्षा जास्त पगार देऊ शकतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

याची किंमत मी नेब्रास्कात पाहिलीय. दाराशी बायकोची बॅग, शेजारी बूट, गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे. करारात लिहिलेलं, फोन आल्यापासून वीस मिनिटांत हजर. जानेवारीतली एक रात्र आठवते. पावणेतीनला फोन, सिझेरियन. बाहेर उणे बावीस. गाडीची काच खरवडायला मी उतरलो, ती आत फोनवर नर्सला विचारतेय की बाईने शेवटचं कधी खाल्लंय. परत आली साडेसहाला, आणि साडेसातला नेहमीची यादी सुरू. वाण्याचं दुकान म्हणावं तर इंडियन ग्रोसरी ओमाहाला, साडेतीन तास. गणपतीला आरती म्हणायला दोघंच, आणि तिचा कॉल असला की मी एकटा.

चार वर्षं राहिलो, कर्ज फेडलं, निघालो. पैशाच्या दृष्टीने तो आमचा सर्वांत चांगला काळ होता. जिला नवऱ्याची नोकरीही सांभाळायची आहे, तिने मात्र त्या गावात दुसरा पगार शून्य होईल असं धरूनच बेरीज करावी. आम्ही ते धरलं नव्हतं.

"ऑप्ट-आउट" शब्दाला भुलणं

२००१ पासून राज्याच्या गव्हर्नरला मेडिकेअरची एक अट बाजूला ठेवता येते, यालाच ऑप्ट-आउट म्हणतात. ती अट म्हणजे सीआरएनएवर डॉक्टरची देखरेख हवी. आयोवाने ती आधी बाजूला ठेवली, मग नेब्रास्का, कॅन्सस, मोंटाना, २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने. टेक्सास आणि फ्लोरिडाने ती बाजूला ठेवलेली नाही. पण ऑप्ट-आउट राज्य म्हणजे स्वतंत्र काम आणि जास्त पगार, असं थेट नातं नाही. रुग्णालयाचे स्वतःचे नियम त्यावर बसतात. एकाच राज्यात एका ठिकाणी एक डॉक्टर चार खोल्यांवर लक्ष ठेवतो, आणि तासाभरावरच्या गावात एकही डॉक्टर भूलतज्ज्ञ नसतो. विचारायचं ते रुग्णालयाला: रात्री कोण असतं? ब्लॉक (शरीराचा एकच भाग बधिर करणारी भूल) आणि एपिड्युरल (बाळंतपणात पाठीतून देतात ती) कोण देतं?

परवान्याचाही घोळ होतो. अनेक राज्यांत चालणारा कॉम्पॅक्ट परवाना साध्या आरएनचा (नोंदणीकृत नर्सचा) असतो. सीआरएनएचा परवाना त्यात येत नाही, तो त्या त्या राज्याचा वेगळा काढावा लागतो, आणि तो येईपर्यंतचे आठवडे बिनपगारी जातात.

१०९९ चा ताशी दर आणि नोकरीचा दर एकाच मापाने मोजणं

१०९९ म्हणजे कंत्राटी कमाईचा टॅक्स फॉर्म. कंत्राटाचा ताशी २०० डॉलर ऐकला की डोळे विस्फारतात. ४६ आठवडे, चाळीस तास, ३ लाख ६८ हजार. त्यातून आधी काढा: सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा जो अर्धा भाग नोकरीत मालक भरतो तो आता तुमचा, या रकमेवर पंधरा-सोळा हजार. आरोग्य विमा तुमचा. चुकीच्या उपचाराच्या दाव्याचा विमा तुमचा. आजारी पडलात तर शून्य. केस रद्द झाली आणि दुपारी बाराला घरी पाठवलं, तर बाकीच्या चार तासांचे पैसे मिळणार का हे कागदावर असायला हवं. बदल्यात निवृत्तीसाठी जास्त पैसे करमुक्त टाकता येतात, एकट्याच्या ४०१-के मध्ये २०२५ साली ७० हजारांपर्यंत. ज्याला हिशेब ठेवायची सवय आहे त्याला हे फायद्याचं. बाकीच्यांनी आधी सीपीए (इथला सीए) शोधावा, मग कंत्राट.

फिरत्या कामात राहण्या-खाण्याचा भत्ता करमुक्त मिळतो, तोही तुमचं खरं घर दुसरीकडे असेल आणि त्याचा खर्च चालू असेल तरच. घर सोडून, सामान मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये टाकून फिरणाऱ्या एकीला तो सगळा भत्ता उत्पन्न म्हणून दाखवावा लागला.

सही झाली असेल तर

आधी तास लिहायला लागा. डायरीत, फोनमध्ये, कुठेही. बोलावणं आल्याची वेळ, घरी पोचल्याची वेळ. तीन महिन्यांचे तास हातात असले की नूतनीकरणाच्या वेळी "कॉल फार आहे" असं मोघम बोलावं लागत नाही. मूळ पगाराला हात लावायला रुग्णालयं नाखूश असतात, पण कॉलचा वेगळा दर, कॉलनंतरचा दिवस सुट्टी, आणखी एक आठवडा रजा, यावर ती बोलायला तयार होतात.

विमा "क्लेम्स-मेड" प्रकारचा आहे का ते आजच बघा. असला तर नोकरी सोडल्यावर मागच्या कामाच्या दाव्यांसाठी "टेल" नावाचं वेगळं संरक्षण लागतं, आणि ते कोण भरणार हे करारात नसेल तर ते तुमच्या डोक्यावर बसतं. पुढच्या मालकाशी बोलताना ते त्याच्याकडून मागता येतं. पण सही करायच्या आधी.

साइन-ऑन बोनस खर्च करू नका. मुदतीआधी सोडलंत तर तो परत मागतात, आणि बरेच करार कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागतात. वीस हजार लिहिलेले, हातात आलेले तेरा, परत द्यायचे वीस. बोनस मिळाला त्याच कॅलेंडर वर्षात परत केलात तर रुग्णालयाचा पगार विभाग कापलेला कर सुधारून घेऊ शकतो. वर्ष उलटल्यावर तो आयकर विवरणातून सोडवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून सोडायचंच ठरलं असेल आणि डिसेंबर चालू असेल, तर लगेच एचआरला ईमेल टाका आणि जानेवारी उजाडायच्या आत पैसे परत जातील असं बघा.