जुना व्हॅक्यूम क्लीनर घेताना आधी नळी आणि तोंडं बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर जुना व्हॅक्यूम क्लीनर दिसला, की मोटर चालते का, हेच आपण आधी विचारतो. माझं मत वेगळं आहे: आधी नळी, दांडे आणि पुढे लावायची तोंडं, म्हणजे ब्रश आणि नोझल, मागा. मोटरचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) बदलता येतात, पण त्याच मापाची जुनी तोंडं मिळणं फार कठीण. प्रत्येक कंपनीचं माप आणि खटका वेगळा, म्हणून व्हर्नियर कॅलिपर (व्यास अचूक मोजायचं साधन) जवळ ठेवा आणि जोडाचा आतला-बाहेरचा व्यास मोजूनच पैसे द्या. अरुंद फटी साफ करायचा नोझल सुटा पडलेला दिसला तर तोसुद्धा सोडू नका.

यंत्रावरची व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचा. ११० व्होल्टचं अमेरिकन यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर मोटर जळते. वायरचं रबर तडकलेलं असेल तर प्लग लावूच नका.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. कापडी विणीच्या नळीला बुरशी धरते, क्रोमच्या दांड्यावर गंज चढतो. जून उजाडण्यापूर्वी सगळं पुसून, पूर्ण वाळवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. नळी मात्र मोठ्या वेटोळ्यात, दुमडू न देता.