चर खणण्याआधी चराचं तोंड शोधा

पहिल्या मोठ्या सरीआधी एकच काम उरका: परसातलं पाणी बाहेर कुठे पडणार, म्हणजे चराचं तोंड कुठे, ते ठरवा. चिकण मातीत झाडं खताअभावी क्वचितच मरतात, साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरून मरतात. खालची पानं पिवळी, दुपारी शेंड्यांनी माना टाकलेल्या आणि माती मात्र ओलीच. नेमकं तेव्हाच लोक आणखी पाणी घालतात.

आधी तपासा. 30 सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला अडीच सेंमीपेक्षा कमी उतरलं तर निचरा खराब. खालची माती निळसर राखाडी आणि कुजक्या अंड्यासारखा वास असेल, तर मोजत बसू नका.

चर नेहमी तोंडाकडून वर खणत न्या. 30 सेंमी रुंद, 45 खोल, मीटरला 1 सेंमी उतार. म्हणजे 10 मीटरवर 10 सेंमी. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका, लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावा. आत जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, गाळ अडवणारं) कापड, त्यावर 5 सेंमी खडी, मग 100 मिमीचा छिद्रांचा पाईप, छिद्रं खाली. वर 20 ते 40 मिमीची धुतलेली खडी, कापड मिटवा, शेवटी 10 सेंमी माती. कापड वाचवलंत तर गाळ खडीत बसतो. आणि तोंड नसलेला चर म्हणजे नुसता लांबट हौद. सगळी खडी त्यात वाया जाते.

तोंड शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा मैल्याच्या वाहिनीत काढू नका. सोयीची जागाच नसेल तर शोषखड्ड्याच्या नादी लागू नका, चिकण मातीत तो भरूनच राहतो. 25-30 सेंमी उंच वाफे करा.

‘माती भुसभुशीत करणाऱ्या’ बाटल्या घेऊ नका. माती मोकळी करायला घालतात ते जिप्समही सगळीकडे चालत नाही: मातीचा सुका खडा पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. भोवती दुधाळ ढग पसरला तरच जिप्समचा विचार करा, मात्रा माती परीक्षणावरून. थोडी वाळू मिसळलीत तर माती विटेसारखी होते.

बाकीची कामं:
- शेणखत किंवा कंपोस्टचा 5-7 सेंमी थर, वरच्या 15-20 सेंमी मातीत मिसळून
- छपराचं पाणी पन्हळीतून थेट बाहेर
- लावणीच्या खड्ड्याच्या गुळगुळीत कडा ओरखडणे
- खड्ड्याच्या तळाशी खडी नको
- ओल्या वाफ्यात पाय नको

मूळकूज दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के (बुरशीनाशक), 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम, बुंध्याशी आळवणी (म्हणजे मुळाशी ओतणे), लेबल वाचूनच. साचलेलं पाणी हललं नसेल तर तेही वाया. आमचा ठोकताळा: मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशीही चपलेला चिखल चिकटला, तर तिथे झाड लावू नये.

पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन तोंडाशीच उभे राहा. वर डबकं आणि तोंड कोरडं असेल, तर माती मऊ आहे तोवर तिथूनच उकरत मागे जा.